आधी इमारतीची फाईल द्या

नवीन इमारतीत राहायला गेलेल्या माणसाला पहिल्या पावसाळ्यात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं. "काही नाही सर, हेअरलाईन क्रॅक आहे. नवीन बांधकामात चालायचंच." दुसऱ्या पावसाळ्यात त्याच जागी ओल येते, रंगाचे पोपडे निघतात. मग वाक्य बदलतं. "वरच्या फ्लॅटवाल्यांनी टाईल्स बदलल्या असतील." तिसऱ्या पावसाळ्यात साईट इंजिनीअर दुसऱ्या प्रोजेक्टवर गेलेला असतो आणि ऑफिसातली बाई "मेल करून ठेवा" म्हणते. चौथ्या पावसाळ्यात सोसायटीच्या ग्रुपवर वॉटरप्रूफिंगवाल्याचा नंबर फिरायला लागतो, आणि प्रत्येक जण गुपचूप आपापले पैसे भरून मोकळा होतो.

झालं, वाद संपला. बिल्डर जिंकला आणि त्यासाठी त्याला कोर्टाची पायरीसुद्धा चढावी लागली नाही.

यावर आपल्या सुशिक्षित, पगारदार मंडळींचं ठरलेलं मत म्हणजे "अरे, आपल्याकडे कायदेच नाहीत." मला हे मत अजिबात पटत नाही. कायदे आहेत, आणि चांगले आहेत. आपण हरतो ते पुराव्याअभावी. आणि पुरावा आपल्याकडे नसतो, कारण तो पहिल्या दिवसापासून बिल्डरच्या कपाटात असतो. या वीकेंडचा लेख एवढ्या एकाच मुद्द्यावर आहे.

आधी कायद्याचं बघू. १९६३ चा मोफा कायदा सांगतो, की ताबा मिळाल्यापासून तीन वर्षांच्या आत इमारतीतला किंवा मालातला दोष बिल्डरच्या लक्षात आणून दिला, तर तो त्याने जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात घरबांधणी ही 'सेवा' आहे असं ठरवलं. त्यामुळे फ्लॅटवाला माणूस ग्राहक ठरला आणि त्याला ग्राहक न्यायालयाचं दार उघडं झालं. मग आला रेरा. २०१६ चा कायदा, त्यातली महत्त्वाची कलमं १ मे २०१७ पासून लागू. त्याच्या कलम १४ मध्ये स्वच्छ लिहिलंय, की बांधणीतला दोष असो वा कारागिरीतला, मालाचा असो वा सोयीसुविधांचा. पाच वर्षांच्या आत कळवला की बिल्डरने तीस दिवसांत फुकट दुरुस्त करायचा. नाही केला तर भरपाई. पुढे २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेही सांगितलं, की रेरा आला म्हणून ग्राहक न्यायालयाचा रस्ता बंद होत नाही. महारेराने डिसेंबर २०२२ मध्ये करारातलं दोषांच्या जबाबदारीचं कलम बदलता येणार नाही असंही बजावलं.

कागदावर यापेक्षा जास्त काय पाहिजे? आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांनी तर हे वाचून लाजायला हवं. पाच वर्षं फुकट सपोर्ट आणि तीस दिवसांची मुदत आपण कुठल्या क्लायंटला लिहून देतो?

मग गाडी अडते कुठे? कलम १४ मधल्या 'दोष' या शब्दाशी. दोष आहे हे म्हणायला सोपं, पण सिद्ध कुणी करायचा? तक्रार करणाऱ्याने. कशाच्या जोरावर? इथे सगळी मजा आहे.

आधी एक असा वाद बघू ज्यात सिद्ध करायला काही अवघड नव्हतंच. मुंबईतली समृद्धी को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी. रहिवाशांनी १९९७ मध्ये ताबा घेतला, पण बिल्डरने भोगवटा प्रमाणपत्र आणलंच नाही. परिणामी मालमत्ता कर २५ टक्के जास्त आणि पाणीपट्टी ५० टक्के जास्त. सोसायटी १९९८ मध्ये राज्य ग्राहक आयोगात गेली. प्रश्न केवढा? एक कागद आहे की नाही. 'चार महिन्यांत प्रमाणपत्र आणा' असा आदेश व्हायला २०१४ उजाडलं. सोळा वर्षं! जादा भरलेल्या पैशांसाठी सोसायटीने वेगळी तक्रार केली, ती राष्ट्रीय आयोगाने मुदतबाह्य म्हणून फेटाळली. शेवटी ११ जानेवारी २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रमाणपत्र न देणं ही रोज चालू असलेली चूक आहे, त्यामुळे मुदत संपली असं म्हणता येणार नाही. आणि प्रकरण निकालासाठी परत राष्ट्रीय आयोगाकडे पाठवलं.

आता विचार करा. 'एक कागद नाही' एवढ्या उघड गोष्टीला इतकी वर्षं लागली, तर जो दोष काँक्रीटच्या पोटात आहे, गिलाव्याखाली आहे, तीन थर रंगाच्या आड आहे, त्याचं काय होत असेल?

थोडं काँक्रीटबद्दल, कारण आपल्यातल्या बहुतेकांनी सिव्हिलचा एकच पेपर दिलाय आणि तोही पहिल्या वर्षाला. साईटवर काँक्रीट ओतताना त्यातलंच थोडं घेऊन १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरतात. ते पाण्यात ठेवतात आणि २८ दिवसांनी मशीनमध्ये दाबून फोडतात. यालाच क्यूब टेस्ट म्हणतात. किती काँक्रीटमागे किती नमुने घ्यायचे हे भारतीय मानक ४५६ मध्ये ठरवून दिलंय. म्हणजे तुमच्या डोक्यावरचा स्लॅब ज्या दिवशी पडला, त्या दिवसाची एक नोंद कुठेतरी असायलाच हवी. तारीख, कुठला भाग, कुठल्या प्रतीचं काँक्रीट, किती ताकद भरली. तसंच सळयांच्या तपासणीचे दाखले, सळया कशा बांधल्या त्याचे नकाशे, गच्चीच्या आणि संडास-बाथरूमच्या वॉटरप्रूफिंगच्या चाचण्या.

यातलं काय तुमच्या हातात असतं? करारनाम्याची जाडजूड प्रत, ब्रोशर आणि मिठाईच्या खोक्यासोबत दिलेली किल्ली.

आता तुम्ही तक्रार करा. बिल्डर म्हणणार, काम उत्तम झालंय. तुम्ही म्हणणार, नाही झालं. मग तुम्ही पदरचे पैसे घालून स्ट्रक्चरल इंजिनीअर आणायचा. तो हातोड्याने ठोकून बघणार, ध्वनिलहरींची चाचणी घेणार, आणि खरंच खात्री हवी असेल तर कोअर काढायला सांगणार. म्हणजे राहत्या घराच्या स्लॅबला किंवा कॉलमला भोक पाडून काँक्रीटचे नळकांडे काढायचे. किमान तीन लागतात. तयार आहे कुणी? वर मीटिंगमध्ये "रीसेल व्हॅल्यू पडेल" म्हणणारे काका असतातच. आणि एवढं करून रिपोर्ट आणला, की पलीकडून दुसऱ्या इंजिनीअरचा रिपोर्ट येतो. दोन इंजिनीअर, दोन मतं, पुढची तारीख.

शिवाय अनेक करारनाम्यांत एक वाक्य दडवलेलं दिसतं, ज्याचा अर्थ असा, की दोष म्हणजे फक्त बिल्डरच्या 'जाणूनबुजून केलेल्या हलगर्जीपणामुळे' झालेला दोष. जाणूनबुजून! म्हणजे भेग कॉलमला आहे, आणि सिद्ध करायचंय ते बिल्डरच्या मनातलं. कलम १४ मध्ये हा शब्द कुठेही नाही. तो फक्त करारात घुसतो, आणि आपण पानोपानी सह्या करत सुटतो.

इथे मला माझ्या गावाचं उदाहरण द्यावंसं वाटतं. बोरी बुद्रुक, जुन्नर तालुका, कुकडीच्या काठी. गावात घर बांधणारा माणूस करार करत नाही. गवंडी ठरतो, मजुरी ठरते आणि काम सुरू. पण सिमेंटची गोणी कुठली आली, वाळूत माती किती होती, सळई किती मिलिमीटरची लागली, हे सगळं घरमालकाने डोळ्यांनी पाहिलेलं असतं. स्लॅब पडला की दुसऱ्या दिवसापासून त्यावर मातीची आळी करून पाणी साठवायचं काम घरचीच माणसं करतात. म्हणून दोन वर्षांनी स्लॅब गळला तर गवंडी "तुम्हीच काहीतरी केलं असेल" असं म्हणू शकत नाही. गावचा गवंडी पुण्याच्या बिल्डरपेक्षा सज्जन असतो असं मुळीच नाही. फरक इतकाच, की तिथे मालक स्वतः साक्षीदार असतो. शहरात आपण साक्षीदार नसतो. आपण सॅम्पल फ्लॅट बघतो, आणि बाकी सगळं पत्र्याच्या कुंपणाआड घडतं.

त्याच बोरीची दुसरी गोष्ट. १९८० च्या दशकात कुकडीच्या काठावर डेक्कन कॉलेजच्या संशोधकांना ज्वालामुखीच्या राखेचा थर आणि अश्मयुगीन हत्यारं सापडली. राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची मानली जाते. तिच्या वयावरून मोठा वाद झाला. कोणी चौदा लाख वर्षं म्हणालं, कोणी पावणेसात लाख, कोणी पंचाहत्तर हजार. पण हा वाद नीट घालता आला, कारण थर सगळ्यांसमोर उघडा होता. ज्याला शंका आली त्याने नमुना घ्यावा आणि आपल्या प्रयोगशाळेत तपासावा. हजारो वर्षांपूर्वीच्या राखेची तपासणी कुणालाही करता येते, आणि सात वर्षांपूर्वी पडलेल्या माझ्या स्लॅबचा रिपोर्ट मला बघता येत नाही. याला काय म्हणायचं?

"अरे, पण थोडी ओल आली तर एवढं काय?" असं म्हणणारे भेटतात. ओल म्हणजे नुसता रंगाचा प्रश्न नव्हे. पाणी सळईपर्यंत पोचलं की सळई गंजते. गंजलेल्या लोखंडाचं आकारमान कित्येक पटींनी वाढतं, ते आतून काँक्रीटला ढकलतं, ढलपे पडतात, मग आणखी पाणी आत जातं. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही.

२४ ऑगस्ट २०२० ला महाडमध्ये तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. १६ माणसं गेली. ती काही मोडकळीला आलेली जुनी चाळ नव्हती. बांधून जेमतेम दहा वर्षांच्या आतबाहेरची इमारत होती. बिल्डर, आर्किटेक्ट, आरसीसी सल्लागार, पालिकेचे अधिकारी, सगळ्यांवर गुन्हा नोंदवला गेला. पण माणसं गेल्यानंतर. १० फेब्रुवारी २०२२ ला गुरुग्राममध्ये चिंटेल्स पॅराडिसो या आलिशान संकुलात एका टॉवरचे स्लॅब एकावर एक कोसळले, दोन जणी गेल्या. आयआयटी दिल्लीने तपासणी केली तेव्हा काँक्रीटमध्ये क्लोराईड सापडलं, आणि टॉवर दुरुस्त करण्याजोगा नाही असा निष्कर्ष निघाला. क्लोराईड म्हणजे सळईचा शत्रू. ते रंगाखाली दिसत नाही. प्रयोगशाळेतच दिसतं.

आता आपल्याकडचं गणित मांडून बघा. रेराची दोषांची जबाबदारी पाच वर्षांनी संपते. आणि महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे स्ट्रक्चरल ऑडिटची सक्ती सुरू होते इमारत पंधरा वर्षांची झाल्यावर. तीस वर्षांपर्यंत दर पाच वर्षांनी, त्यानंतर दर तीन वर्षांनी. मग पाच ते पंधरा या दहा वर्षांत काय? बिल्डरची जबाबदारी नाही आणि तपासणीची सक्ती नाही. महाडची इमारत पडली ती नेमकी याच वयात.

लहान गावांत तर आणखी वाईट. ५०० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर प्रकल्पाला रेरा नोंदणी लागत नाही. आळेफाटा, नारायणगावसारख्या ठिकाणी रस्त्याकडेला खाली गाळे आणि वर सहा-आठ फ्लॅट अशी इमारत उभी राहते, ती या चाळणीतून आरामात निसटते. तिथे घर घेणाऱ्या शिक्षकाला किंवा शेतकऱ्याला मोफाची तीन वर्षं आणि ग्राहक न्यायालय, एवढंच उरतं. ग्राहक कायद्यातही तक्रारीला दोन वर्षांची मुदत.

बिल्डरांची बाजू मी ऐकलेली आहे, आणि ती सगळीच खोटी नाही. लोक ताबा घेतल्या घेतल्या भिंती फोडतात, बाथरूमच्या फरशा उखडतात, एसीसाठी बीमला भोकं पाडतात, गच्चीवर मातीच्या कुंड्यांची बाग करतात, आणि गळायला लागलं की बिल्डरच्या नावाने ओरडतात. मान्य. शंभर टक्के मान्य. पण मग प्रामाणिक बिल्डरलाच ही फाईल सगळ्यात आधी हवी असायला पाहिजे! ताबा देताना बाथरूममध्ये पाणी साठवून घेतलेली चाचणी, तारीख आणि दोघांच्या सह्यांसकट फाईलमध्ये असेल, तर नंतर फरशा बदलणाऱ्याचं पितळ आपोआप उघडं पडेल. आपल्या धंद्यात प्रॉडक्शनला बग आला की कुणी "आमचा कोड उत्तम आहे" असं भाषण देत नाही. पहिला प्रश्न असतो, लॉग कुठे आहेत? कुठली ओळ कुणी कधी बदलली? लॉग असले की भांडण दहा मिनिटांत मिटतं. आणि लॉग द्यायला टाळाटाळ करणाऱ्या व्हेंडरबद्दल आपण काय समजतो, ते वेगळं सांगायला नको.

तेव्हा माझ्या मागण्या साध्या आहेत.

पहिली. ताबा देताना सोसायटीला इमारतीची पूर्ण फाईल मिळाली पाहिजे. रेराच्या कलम १७ आणि १९ मध्ये 'आवश्यक कागदपत्रं आणि नकाशे' द्यायचे असं आत्ताही आहेच. पण 'आवश्यक' म्हणजे कुठले, हा शब्द मोकळा सोडलाय. तो नियमात यादी करून बांधून टाका. क्यूब टेस्टचे सगळे निकाल, सळयांचे दाखले, बांधकाम झालं तसे आरसीसी नकाशे, प्लंबिंगचे नकाशे, वॉटरप्रूफिंगच्या चाचण्या. 'काम समाधानकारक आहे' असा एका पानाचा दाखला नको. आकडे हवेत, तारखांसकट.

दुसरी. फाईल दिली नाही तर दोष बिल्डरचा आहे असं धरून चालायचं, आणि तसं नाही हे त्याने सिद्ध करायचं. यात काही क्रांतिकारक नाही. जी गोष्ट विशेषकरून एकाच माणसाला माहीत आहे ती सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर, आणि जो हातातला पुरावा दडवतो त्याच्या विरुद्ध अनुमान काढता येतं, ही तत्त्वं १८७२ च्या पुरावा कायद्यात होती आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या कायद्यातही आहेत. आपण फक्त ती घरांच्या वादात सरळ नियम म्हणून लावा म्हणतोय.

तिसरी. पहिलं स्ट्रक्चरल ऑडिट पंधराव्या वर्षी नको, चौथ्या वर्षी करा. म्हणजे पाच वर्षं संपायच्या आत दोष लेखी कळवता येईल.

यातली तिसरी गोष्ट करायला सरकारची वाट बघायची गरज नाही. तुमची सोसायटी पुढच्या मीटिंगमध्येसुद्धा हा ठराव करू शकते. ताब्याची तारीख शोधा. पाच वर्षं कधी संपतात ते कॅलेंडरवर लिहा. प्रत्येक भेगेचा तारखेसकट फोटो काढा. फोनवर बोलू नका, ग्रुपवर शिव्या देऊ नका; सोसायटीच्या लेटरहेडवर लिहा आणि स्पीड पोस्टाने पाठवा. कायदा 'लक्षात आणून दिला' असं म्हणतो. फोनवर रागावलेलं कुठेच नोंदलं जात नाही.

आणि ज्यांचं बुकिंग अजून व्हायचंय त्यांच्यासाठी. आपण बिल्डरला काय काय विचारतो! स्विमिंग पूल किती फूट, क्लब हाऊस कधी, व्हिट्रिफाईड टाईल्स कुठल्या कंपनीच्या, मॉड्युलर किचन मिळेल का. पुढच्या वेळी सेल्सवाल्याला एवढंच विचारा: "सातव्या मजल्याच्या स्लॅबचा २८ दिवसांचा क्यूब रिपोर्ट दाखवता का?" तो गोंधळेल. सरांना विचारतो म्हणेल. विचारू दे. एकाने विचारलं तर तो हसेल, पण महिन्याभरात पन्नास जणांनी विचारलं तर त्याच्या सरांना फाईल करावीच लागेल.

वीस-वीस वर्षांचा हप्ता डोक्यावर घेणाऱ्या माणसाने आपल्या डोक्यावर नेमकं काय ओतलंय हे विचारणं यात उद्धटपणा काही नाही. वाद घालायला आम्ही तयार आहोत, हरायलासुद्धा तयार आहोत. फक्त आधी कागद टेबलावर ठेवा.